मांजर तुमचं, तर पहाटही तुमची

तुमच्या घरात चार-पाच महिन्यांचं मांजराचं पिल्लू असेल, तर हे पान वाचताना तुम्हाला बहुतेक जांभया येत असतील. साहजिक आहे. पहाटे साडेचारला गोधडीबाहेर राहिलेला पायाचा अंगठा कुणीतरी चावलेला असणार. मग छातीवर वजन, कानाशी घुर्रघुर्र, नाकावर पंजा. एवढ्यावरही तुम्ही हलला नाहीत, तर फळीवरचा स्टीलचा पेला खाली. पेला पडला की मात्र अख्खं घर जागं.

भंडारदरा, शेंडी, मुरशेत आणि आसपासच्या वाड्यांवर थंडीच्या दिवसांत हा घरोघरचा विषय असतो. भात झोडून झालेलं असतं, कणग्या भरलेल्या असतात, उंदरांची चंगळ असते. त्यामुळे घरात मांजर हवंच. पावसाळ्यात जन्मलेली पिल्लं नेमकी याच वेळी दंगा करायच्या वयात येतात. आणि नेमक्या याच वेळी आपल्या सेमिस्टरच्या परीक्षा असतात! झोपेची सगळ्यात जास्त गरज असते तेव्हाच घरात चार पायांचा अलार्म वाजायला लागतो, आणि त्याला स्नूझचं बटण नसतं.

यावर घरात साधारण दोन सल्ले मिळतात. पहिला आजीचा: "ते उठलं ना, मंग तू बी ऊठ. अभ्यास तरी व्हईल." दुसरा घरातल्या कुठल्यातरी काकाचा: "गोणीत घाल आन् धरणापल्याड सोडून ये." पहिल्यावर आपण हसतो. दुसऱ्यावरही हसतो, पण तो सल्ला खरंच अमलात आणला जातो. म्हणून त्याबद्दल बोलायला हवं.

माझं म्हणणं सरळ आहे. पिल्लाचं पहाटे उठणं हा त्याचा स्वभाव आहे, पण आपल्याला उठवणं ही त्याला लागलेली सवय आहे. स्वभाव बदलता येत नाही, सवय बदलता येते. आणि ती बदलायची जबाबदारी ज्यानं पिल्लू घरी आणलं त्याची असते, चुलीपाशी सगळ्यात आधी उठणाऱ्या आईची नाही.

त्याचं घड्याळ बरोबरच आहे

मांजर निशाचर असतं असं आपण धरून चालतो. ते तंतोतंत खरं नाही. मांजराची खरी वेळ संधिप्रकाशाची, म्हणजे तांबडं फुटायच्या आसपास आणि दिवेलागणीला. उंदीर-घुशींची ये-जा या वेळी जोरात असते आणि मांजराचे डोळे अशाच अंधूक उजेडासाठी बनलेले असतात. आपल्याला दिसायला जेवढा उजेड लागतो, त्याच्या साधारण सहाव्या हिश्श्यात त्याचं काम भागतं. म्हणजे तुम्हाला जी काळीकुट्ट पहाट वाटते, ती त्याच्यासाठी ऑफिसची वेळ असते.

हे फार जुनं नातं आहे. आपलं घरगुती मांजर पश्चिम आशियातल्या रानमांजरांपासून आलं, हे २००७ मध्ये जनुकीय अभ्यासातून स्पष्ट झालं. माणूस शेती करायला लागला, धान्य साठवायला लागला, धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे मांजर आलं. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका थडग्यात माणसाशेजारी पुरलेलं मांजर सापडलंय. थोडक्यात, आपल्या कणगीशेजारी बसलेलं मांजर हजारो वर्षं जुनी नोकरी करतंय. आपण त्याला कामावर ठेवलं ते याच पहाटेच्या शिफ्टसाठी. मग ते शिफ्टला हजर झालं म्हणून चिडायचं कशाला?

त्यातून पिल्लाचं तर विचारूच नका. ते दिवसातले बरेच तास झोपतं, पण तुकड्या-तुकड्यांत. तुम्ही कॉलेजला, आई रानात, आजी ओट्यावर निवडत बसलेली. या सगळ्या वेळात ते वाकळीवर ताणून देतं. रात्री घर शांत झालं की त्याची बॅटरी शंभर टक्के! खेळायला दुसरं पिल्लू नसतं. मग हलणारी एकच वस्तू उरते, ती म्हणजे गोधडीखालचा तुमचा पाय.

सवय लावली कुणी?

आता थोडं मानसशास्त्र. मास कम्युनिकेशनच्या वर्गात आम्हाला सोशल मीडियाचं व्यसन समजावून सांगताना बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचं नाव येतं. त्यानं उंदीर आणि कबुतरांवर प्रयोग केले. कळ दाबली की दर वेळी दाणा मिळत असेल, तर दाणा बंद झाल्यावर प्राणी लवकर नाद सोडतो. पण दाणा कधी मिळतो, कधी नाही, असं असेल तर तो कळ दाबतच राहतो. आपण रील्स खाली-खाली सरकवत राहतो ते याच हिशेबानं. पुढची रील भारी असेल, कुणी सांगावं!

आता पहाटेचा प्रसंग या नजरेनं बघा. सोमवारी पिल्लू ओरडलं, तुम्ही गोधडी डोक्यावर घेतली. मंगळवारी ओरडलं, तुम्ही "गप की रे" म्हणालात. बुधवारी सहन झालं नाही, उठून वाटीत दूध ओतलंत. तुमच्या मते तुम्ही तीनपैकी दोन दिवस ठाम राहिलात. पिल्लाच्या मते मात्र तीन दिवस नेट धरला की दूध मिळतं. त्याला हवा तो धडा मिळाला. शिवाय "गप की रे" हेसुद्धा त्याच्यासाठी बक्षीसच. अंधारात एकटं असताना कुणीतरी बोललं, ही काय लहान गोष्ट आहे?

भंडारदऱ्यात या गोंधळात आणखी एक भर पडते, ती पर्यटकांची. तलावाकाठी ज्यांच्या घरचे तंबू आहेत, होम-स्टे आहे, त्यांना हे चांगलं माहीत असेल. शनिवारी रात्री अकराला शेकोटीभोवती चिकन भाजलं जातं आणि "ओ सो क्यूट" करत पिल्लाला चार पाहुणे चार तुकडे टाकतात. रविवारी दुपारी गाड्या घाटाला लागतात. सोमवारी रात्री पिल्लाच्या वाटीत पुन्हा दूध-भाकरी. कधी मेजवानी, कधी उपास, आणि कुठलीच वेळ ठरलेली नाही. असं पिल्लू पहाटे चारला चाचपणी करत फिरणार नाही तर काय करणार?

त्याच्याकडे हत्यारंही तगडी आहेत. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या कॅरन मॅकोम्ब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एक मजेशीर संशोधन प्रसिद्ध केलं. खायला मागताना काही मांजरं नेहमीच्या घुरघुरीत एक बारीक, उंच सूर मिसळतात. तो रडण्याच्या आवाजासारखा असतो, आणि ज्यांनी कधी मांजर पाळलं नाही अशा माणसांनाही तो आवाज जास्त निकडीचा, दुर्लक्ष न करता येण्यासारखा वाटला. म्हणजे पहाटे तुम्ही पाघळता, यात तुमचं मन कमकुवत असण्याचा प्रश्न नाही. समोरचा खेळाडूच तयारीचा आहे.

धरणापलीकडे काय आहे?

आता त्या गोणीकडे येऊ. आपल्याकडे मांजर मारत नाहीत. मारलं तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर दान करावं लागतं, असं घरोघरी सांगतात. त्यामुळे मारण्याचं पाप नको, पण मांजरही नको, यावर आपण काढलेली पळवाट म्हणजे "सोडून देणं". शब्द किती गोड आहे बघा. जणू काही पिल्लाला मोकळंच करतोय.

पण सोडून देतो ते कुठे? आपल्या तालुक्यात याचं उत्तर बऱ्यापैकी ठाऊक आहे. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोल्याच्या ऊसपट्ट्यात कॅमेरे लावून बिबट्यांचा अभ्यास केला, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. जंगलात नाही, भरवस्तीच्या शेतशिवारात शंभर चौरस किलोमीटरमागे पाचच्या आसपास प्रौढ बिबटे आढळले. हे बिबटे खातात काय, तेही त्यांनी विष्ठेच्या नमुन्यांवरून तपासलं. वजनाच्या हिशेबात ८७ टक्के अन्न पाळीव प्राण्यांचं होतं आणि एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के होता. मांजरंही त्या यादीत आहेत. त्यातली एक गोष्ट फार बोलकी आहे. त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या, तरी बिबट्याच्या खाण्यात शेळ्यांचा वाटा ११ टक्केच होता. कारण साधं आहे. शेळ्या रात्री कोंडलेल्या असतात, कुत्री मोकळी फिरतात.

म्हणजे रात्री आत असलेला जीव वाचतो आणि बाहेर असलेला जातो. हे आपल्या आज्या-पणज्यांना कुठल्याही संशोधनाशिवाय माहीत होतं, म्हणून तर गोठ्याचं दार तिन्हीसांजेला लागतं. मग तीच अक्कल पिल्लाच्या बाबतीत कुठे जाते? "फार ओरडतंय, दार उघड आणि टाक बाहेर" हे पहाटे चारला म्हणणं म्हणजे सोन्याचं मांजर वाचवून पाप बिबट्याच्या नावावर लिहिण्यासारखं आहे. आणि बिबट्या नाही तर वाडीवरची कुत्री आहेतच.

यातून एखादं पिल्लू वाचलंच, तर पोटासाठी ते पक्षी, सरडे, मिळेल ते मारणार. आपल्या आजूबाजूला कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे. रानात भुकेली मांजरं सोडणं हे रानावरही उपकार नाहीत.

कायदा काय म्हणतो? उपासमार किंवा तहानेनं हाल होतील अशा अवस्थेत प्राण्याला विनाकारण सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये! शेंडीच्या स्टँडवर यात दोन कटिंग आणि फार तर एक वडापाव येईल. त्यामुळे या कायद्याची भीती कुणाला वाटणार नाही, हे उघड आहे. इथे स्वतःलाच लाज वाटायला हवी, दुसरा इलाज नाही.

मग करायचं काय?

पहिली गोष्ट, पिल्लू खरंच भुकेलं किंवा आजारी नाही ना, ते बघा. मांजर हा पक्का मांसाहारी प्राणी आहे. नुसत्या दूध-भाकरीवर ठेवलेलं पिल्लू पहाटे भुकेनं ओरडत असेल, तर ती तक्रार खरी आहे. बऱ्याच मांजरांना मोठं होताना दूध पचतही नाही, पोट बिघडतं. रात्रीच्या वाटीत थोडी मासळी, अंडं, बिनमसाल्याचं चिकन असं काहीतरी हवं. जंत झालेत का, हेही तपासा. भाटी असेल आणि पाच-सहा महिन्यांची झाली असेल, तर रात्रीचं ओरडणं माजावर आल्याचंही असू शकतं. अशा वेळी पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन नसबंदीबद्दल विचारा. पुढच्या पावसाळ्यात आणखी पाच पिल्लं आणि आणखी एक गोणी, हे चक्र तिथेच थांबतं. जाताच आहात तर रेबीजच्या लशीचंही विचारून घ्या, कारण हे पिल्लू अंगठे चावतंय.

तब्येत ठीक असेल, तर खरी लढाई संध्याकाळी लढायची असते, पहाटे नाही. झोपायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं त्याच्याशी दमवणारा खेळ खेळा. महागडी खेळणी नकोत. जुन्या ओढणीची चिंधी सुतळीला बांधा आणि जमिनीवरून उंदरासारखी पळवा, थांबवा, लपवा. शेवटी ती त्याला पकडू द्या. खेळ झाला की लगेच जेवण. मांजराच्या अंगात हा क्रमच आहे: शिकार, खाणं, अंग चाटणं, झोप. खेळ संपल्यावर सुतळी उचलून ठेवा, ती गिळली तर नवीनच दुखणं. आणि दिवसा ते सलग चार तास लोळत असेल, तर येता-जाता जरा उठवा. ते आपल्याला उठवतं, एवढी परतफेड चालते.

दुसरं, सकाळच्या खाण्याचा तुमच्या उठण्याशी संबंध तोडा. उठल्या-उठल्या वाटी भरू नका. तोंड धुवा, चहा घ्या, अंगण झाडून होऊ द्या, मग ठरलेल्या वेळी वाटी. "माणूस उठला की जेवण" हे समीकरण मोडलं, की माणसाला उठवण्यात त्याला फायदा उरत नाही.

तिसरं आणि सगळ्यात अवघड, पहाटे काहीही करायचं नाही. बोलायचं नाही, ओरडायचं नाही, पाणी मारायचं नाही, ढकलायचंही नाही. मारणं तर नाहीच. त्यानं ते ओरडायचं थांबत नाही, फक्त तुम्हाला घाबरायला लागतं. पेला आदल्या रात्रीच फळीवरून काढून ठेवा. पाय गोधडीत नीट गुंडाळा. आणि मेल्यासारखे पडून राहा.

इथे एक इशारा द्यायला हवा. पहिले काही दिवस ते जास्त ओरडेल. आधी जे दहा मिनिटांत मिळायचं ते मिळत नाही म्हटल्यावर ते चाळीस मिनिटं ताणून बघेल. मोबाइलचं बटण चाललं नाही की आपण ते जोरजोरात दाबतो ना, तसंच. बहुतेक जण नेमके याच टप्प्यावर हरतात. चौथ्या पहाटे उठून दूध दिलंत, तर आधीचे तीन दिवस वाया गेलेच, वर दुधाची किंमत चाळीस मिनिटं आहे, हे त्याला पक्कं समजलं. त्यामुळे सुरू करायचं तर शेवटपर्यंत न्यायचं. दोन-तीन आठवडे धरून चाला.

आणि उठतं कोण?

हे सगळं एकट्यानं होत नाही. तुम्ही मेल्यासारखे पडून राहिलात आणि पलीकडून आजी "आगं ये माझी मनी" म्हणत साय घेऊन आली, तर खेळ खल्लास. म्हणून आधी घरात बोलणं हवं. आजीला "मांजराला काही देऊ नको" असं सांगितलं तर ती ऐकणार नाही. "आज्जी, तूच दे, पण सूर्य उगवल्यावर" असं सांगा. काम काढून घेतलं की माणसं रुसतात, वेळ बदलून दिली की ऐकतात.

पण मला जास्त टोचतो तो दुसरा मुद्दा. आपल्यातले किती जण संगमनेर, नाशिक, पुण्याला रूम करून राहतात? सुट्टीत घरी येतो, कुणाच्या तरी गोठ्यातून पिल्लू उचलून आणतो, त्याचे रील्स टाकतो, त्याला नाव ठेवतो. सुट्टी संपली की बॅग भरून पहिली एसटी पकडतो. त्यानंतर त्या पिल्लाबरोबर पहाटे कोण उठतं? आई. ती तशीही सगळ्यांच्या आधी उठते, असं म्हणून आपण सुटतो. पण पाचला उठणाऱ्या बाईची साडेचारची झोप काही फुकटची नसते. आणि जेव्हा ती वैतागून "सोडून या रे याला कुणीतरी" म्हणते, तेव्हा आपण व्हिडिओ कॉलवरून तिलाच निर्दयी ठरवतो!

मला वाटतं, त्या वाक्यापर्यंत गोष्ट यायला आपण जबाबदार असतो. पिल्लू आणताना तुमच्याकडे घरात राहायला सलग तीन आठवडे आहेत का, हा प्रश्न आधी विचारायला हवा. दिवाळीच्या सुट्टीत आणून लगेच परत जायचं असेल, तर उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत थांबा. पिल्लं तेव्हाही मिळतात.

काही जण म्हणतील, गावाकडे मांजराचे एवढे लाड कोण करतं? हे शहरी चोचले. मला हे पटत नाही. वरच्या यादीत विकत आणावं असं जवळपास काहीच नाही. चिंधी, सुतळी, रात्रीच्या कालवणातला मसाल्याआधी बाजूला काढलेला तुकडा, आणि रोजची वीस मिनिटं. वीस मिनिटं आपल्याकडे नसतात, असं म्हणण्याआधी मोबाइलमधला स्क्रीन टाइम उघडून बघा.

तिथे आणखी एक गोष्ट दिसेल. आपल्या वयाला रात्रीची सात ते नऊ तास झोप लागते, असं झोपेचे अभ्यासक सांगतात. पहाटे साडेचारचं मांजर त्यातले दोन तास खातं, मान्य. पण रात्री अकरा ते एक हे दोन तास कुणी खाल्ले? तिथे तर कुठलंच पिल्लू छातीवर बसलं नव्हतं. मांजराला गोणी आणि मोबाइलला उशाशी जागा, हा न्याय काही बरोबर नाही.

तेव्हा या सुट्टीत एक करा. घरी पिल्लू असेल तर तुमचं अंथरूण आईच्या खोलीतून उचला आणि पिल्लासकट दुसऱ्या खोलीत, नाहीतर पडवीला दार असेल तर तिथे टाका. दार आतून लावा. तीन आठवडे त्याची संध्याकाळ तुम्ही सांभाळा आणि त्याची पहाट तुम्ही सोसा. आईला तेवढे दिवस पाचपर्यंत झोपू द्या. तुम्ही परत कॉलेजला जाल तेव्हा मागे एक शहाणं मांजर राहील आणि ती गोणी भात भरायच्या कामी येईल.